सदाफुलीची दोन गिऱ्हाइकं

आमच्या खान्देशातल्या माणसाला झाड नुसतं सुंदर असून चालत नाही. ते कामाचंही असावं लागतं. एरंडोलजवळ, जळगाव-धुळे रस्त्याला लागून आमची नर्सरी आहे. पस्तीस वर्षं मी तिथं रोपं विकली. लोक गाडी थांबवून उतरतात, जास्वंदीपुढं उभे राहतात. पण फूल केवढं येतं, रंग कोणता, ऊन सोसतं का, असलं काही विचारत नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला, "अक्का, हे कशावर चालतं?" म्हणजे कोणत्या दुखण्यावर. मुलाच्या लग्नासाठी मांडवाच्या दारात ठेवायला मोगरा घेणाऱ्या एका बापानंही मला हेच विचारलं होतं. मी वैतागून म्हटलं, "मोगरा रुसलेल्या बायकोवर चालतो." तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मग दोन द्या."

मी काही वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. माहेर जळगाव शहरातलं, शाळा दहावीपर्यंत. सासरे सरकारी बागेत माळी होते. रिटायर झाल्यावर त्यांनी ही जागा घेतली आणि फांद्या लावायला, कलम बांधायला मला त्यांनीच शिकवलं. "पोरापेक्षा सुनेचा हात हलका आहे," एवढं कौतुक त्यांनी आयुष्यात एकदाच केलं, तेही माझ्या नवऱ्यासमोर. तेव्हापासून आमच्याकडे रोपं माझी आणि टेम्पो नवऱ्याचा, अशी वाटणी झाली.

बाहेरच्याला वाटतं, नर्सरी म्हणजे पाणी घालायचं आणि फुलं बघत बसायचं. आमचा मे महिना एकदा बघायला या. हिरव्या जाळीखालीही पानं भाजतात. दुपारी पाइपातलं पहिलं पाणी इतकं कढत येतं की ते आधी वाटेवर सोडून द्यावं लागतं, नाहीतर मुळंच शिजतील. अशा उन्हात जे झाड हसतमुख राहतं त्यालाच आमच्याकडे गिऱ्हाईक. बोगनवेल, कण्हेर, जास्वंद, घाणेरी आणि सदाफुली. सदाफुलीचं तर काय सांगावं? भिंतीच्या फटीत, गटाराच्या कडेला, कुणी न लावता उगवते आणि बाराही महिने फुलते. फुकट मिळणारी म्हणून तिला मान नाही. पिकतं तिथं विकत नाही, त्यातलीच ती.

सासऱ्यांचा एक नियम होता. झाड विकताना त्याचा एक गुण सांगितलास तर एक अवगुणही सांग. ते कण्हेर विकताना आधी विचारायचे, "घरी बकरी आहे का?" लोक हसायचे. पण त्यामागं एक घडलेली गोष्ट होती. कण्हेरीला जनावर तोंड लावत नाही म्हणून ती लोक कुंपणाला लावतात. ओली असताना लावत नाही, हे खरंच आहे. एकानं पावसाळ्याआधी कुंपण छाटलं आणि फांद्या तिथंच सोडल्या. चार दिवसांत पाला वाळला, त्याचा कडवटपणा जनावराला कळेनासा झाला, आणि त्याच्या शेजाऱ्याच्या तीन बकऱ्या एका सकाळीत गेल्या. विष मात्र वाळल्यानं कमी होत नाही. म्हणून आमच्या नर्सरीत कण्हेरीची छाटणी झाली की फांद्या मोजून खड्ड्यात पुरतात. जाळायच्याही नाहीत, धूरही वाईट. पिवळ्या कण्हेरीला आमच्याकडे बिट्टी म्हणतात. महादेवाला तिचं फूल वाहतात. ते झाड मी नर्सरीत ठेवणंच सोडलं. का सोडलं, ते या लेखात लिहिण्याची माझी इच्छा नाही.

सगळ्याच गोष्टी अशा नसतात. एक शिक्षकीणबाई माझ्याकडून शोभेचं अळू घेऊन गेल्या, लाल ठिपक्यांचं, मोठ्या पानांचं. महिन्याभरानं कुंडीसकट परत. "तुमचं अळू खोटं निघालं." मी विचारलं, "मेलं का?" तर म्हणाल्या, "नाही, चांगलं वाढलं. आम्ही त्याच्या वड्या केल्या." घरातल्या पाचही जणांच्या जिभा सुजल्या होत्या, आणि त्यांचे यजमान दोन दिवस शाळेत फळ्यावर लिहूनच शिकवत होते. शोभेच्या अळूच्या पानात सुईसारखे बारीक खडे असतात, ते जिभेत-घशात टोचतात. चिंचेनं त्याचं काही होत नाही. ते खायचं झाड नाही हे सांगायला मी विसरले होते, हे कबूल केलं आणि कुंडी परत घेतली. बाई जाताना म्हणाल्या, "चवीला बऱ्या होत्या हो पण."

आता माझ्या चुकीकडे येते. ती याच नियमाशी बांधलेली आहे.

सासरे गेले आणि दोन-तीन वर्षांत रस्त्यापलीकडे दुसरी नर्सरी आली. मोठी, रंगीत कमानीची. त्यांनी प्रत्येक कुंडीला पाटी लावली. झाडाचं नाव खाली बारीक आणि दुखण्याचं नाव वर ठसठशीत. गाड्या तिकडं थांबायला लागल्या. मी आठ दिवस पाहिलं आणि शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांकडून मीही पाट्या रंगवून घेतल्या. पानफुटी - मुतखडा. अडुळसा - खोकला. कोरफड - केस व पोट. सदाफुली - शुगर. माहिती कुठून आणली? कुणाच्या आत्यानं सांगितलेली, कुणी मोबाइलवर पाठवलेली. सगळी खोटी नव्हती, आणि तिथंच गोम आहे. अडुळशाचा काढा माझ्या लहानपणीही घरात होता. पण 'कशावर' एवढंच मी लिहिलं. किती घ्यायचं, कुणी घ्यायचं नाही, कशाबरोबर घ्यायचं नाही, याला पाटीवर जागा नव्हती. जागा असती तरी मला काय माहीत होतं म्हणून लिहिणार? अवगुण सांगण्याचा नियम मी रंगाच्या डब्यात बुडवला आणि खप वाढला म्हणून खूश होते.

ज्या सदाफुलीला कुणी फुकटही विचारत नव्हतं, तिची रोपं मला पुरेनात.

हिलाल आबा वरणगावला कारखान्यात नोकरी करून गावी परतलेले. एरंडोलला घर बांधलं, पुढं चार हाताची बाग केली, म्हणून आमची ओळख. कारखान्यात सगळं मोजूनमापून करायची सवय लागलेला माणूस. गुलाबाच्या आळ्यात पाणीही मापाच्या डब्यानं घालायचे. त्यांना गोड्या लघवीचं दुखणं लागलं होतं. डॉक्टरची गोळी घड्याळ लावून घ्यायचे, आणि माझ्या पाट्या वाचून मोठ्यानं हसायचे. "अक्का, गोळीवर वजन छापलेलं असतं. तुझ्या पाल्यावर काय छापलंय? उद्या म्हणशील बोगनवेल पेन्शनवर चालते."

एके दिवशी हेच आबा एकटे आले, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "सदाफुली दे. चार."

मी हसायच्या आत त्यांनी कान पकडले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे आणि आमरस समोर आला होता, मोह आवरला नव्हता, आणि पुढच्या तपासणीत साखर चढलेली निघाली होती. डॉक्टर ओरडले. बायको तर आठ दिवस बोलली नाही. मग कुणीतरी सदाफुलीचं सांगितलं. "पण अक्का, घरमा सांगू नको. जलमभर मी पालाले हसनू, आते ती माले हसी." वरणगावला राहून त्यांची बोली शहरी झाली होती, पण मनातलं बोलायचं झालं की अहिराणीच यायची. रोपं त्यांनी मागच्या भिंतीकडं लावली. सकाळी फिरायला निघताना पाच पानं तोडून चावायचे.

हे झालं आणि महिनाभरानं त्यांची बायको सुपडाबाई आली. ती माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान, पण मला एकेरीच बोलावते. आमच्यात तसंच चालतं. पदरानं घाम पुसत म्हणाली, "अक्का, ती शुगरवाली सदाफुली दे. पन यास्ले सांगू नको हां. पाला म्हटला का त्या खातस नही."

"मग आबांना देणार कशी?"

"कळणानी भाकरमा. रस काढसू अन् पीठमा टाकसू. काया पीठमा काय दिसस?"

कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून केलेली. रंगाला काळपट, चवीला दणकट. आमच्या भागात ती ठेच्याबरोबर रोजची. तिच्यात एखादा कडू पाला दडवला तर डोळ्यांना दिसणार नाही, एवढं डोकं सुपडाबाईनं चालवलं होतं. "आखाजीले मी यास्ना संगे अबोला धरा," ती म्हणाली, "मंग माले वाटनं, बोलीसन काय व्हस? आपलंच मानूस शे. काहीतरी करो लागस." तिनं रोपं नेऊन बहिणीच्या अंगणात लावली. आबांना दिसायला नकोत म्हणून.

आता माझ्या जागी कुणीही शहाणा माणूस असता तर दोघांना समोरासमोर बसवून म्हणाला असता, अहो, एक काहीतरी ठरवा. मी तसं म्हटलं नाही. एक तर दोघांनाही शब्द दिलेला. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं घरातलं बाहेर काढायचं नाही, हा रिवाज. आणि खरं सांगू? मला गंमत वाटायची. त्यांना रोप दिलं की मी नवऱ्याला सांगायची, "आज आबा येऊन गेले," आणि चार दिवसांनी "आज वहिनी." आम्ही दोघं जेवताना हसायचो. एकमेकांच्या चोरून एकमेकांसाठी एकच झाड, यापेक्षा गोड संसार कुणाचा असेल, असं मला वाटायचं. गोळी, पानं आणि भाकरी, तिन्ही एकाच पोटात जात होती, हे माझ्या मनात आलंच नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. पण पाला तो पाला, त्यानं काय होतंय, असं म्हणून मी ते बाजूला सारलं.

दिवाळीच्या आधी आबा लेकीकडे पहूरला गेले होते. परत येताना स्टँडवर बाकावर बसले आणि घामानं भिजून गेले. हात थरथरायला लागले, तोंडातून भलतंच निघायला लागलं. कंडक्टरनं नाव विचारलं तर कारखान्यातला हजेरी नंबर सांगितला. लोकांना वाटलं, प्यायलेत. ज्या माणसानं आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही, त्याला दोन पोरांनी धरून बाजूला बसवलं आणि मोबाइलवर त्याचं शूटिंग केलं. चहावाल्यानं कशी कोण जाणे अंदाज येऊन गोड चहा पाजला, तेव्हा पंधरा मिनिटांत शुद्धीवर आले.

हे मला सुपडाबाईनं सांगितलं, नर्सरीत, रडत रडत. "लोके म्हणेत, दारू पिसन पडेल शे. बठ्ठा हसनात वो यास्ले. अक्का, शुगर गैरी वाढी गयी व्हई. अजून सहा रोपे दे."

आणि मी दिली.

त्याच आठवड्यात आबाही आले. तेही म्हणाले, चक्कर आली म्हणजे साखर वाढली, पाच पानं कमी पडतायत. त्यांनाही दिली. आमच्याकडे हाच समज आहे. गोड्या दुखण्याचा माणूस गळाला की लोक म्हणतात, वाढली. उतरली असेल, हे कुणाच्या मनातच येत नाही. माझ्याही नाही आलं. अति तिथं माती, हे आम्ही माळी लोक पाण्याच्या बाबतीत रोज सांगतो.

पुढच्या पंधरवड्यात आबा एका सकाळी अंथरुणातून उठलेच नाहीत. हाक मारली तर डोळे अर्धवट उघडे, नजर कुठंच नाही. मुलानं गाडी काढून जळगावला नेलं. तिथं शिरेतून साखर दिली तेव्हा जागे झाले, आणि संध्याकाळी पुन्हा उतरली. डॉक्टरांनी गोळी पूर्ण बंद केली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कारण सुपडाबाई घरून डबा आणत होती. त्यात भाकरी होती. दवाखान्यातल्या पाण्यासारख्या वरणानं माणूस बरा होतो का, असं तिचं म्हणणं.

मी भेटायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाई खाटेजवळ उभ्या होत्या. तरुण, पण आवाजात उतावळेपणा नव्हता. त्या म्हणत होत्या, "आबा, गोळी थांबवून दोन दिवस झाले. आता साखर अशी खाली जायला नको. पांढऱ्या पेशीही कमी दिसतायत. मला कारण सापडत नाहीये. दुसरं काही घेता का? काढा, चूर्ण, कुणी सांगितलेलं काही?"

"नाही मॅडम," आबा म्हणाले. "गोळीशिवाय मी दुसरं काही घेत नाही. मी त्यातला नव्हे."

"आणि तुम्ही काही देता का, आजी?"

सुपडाबाईनं डब्याचं झाकण घट्ट केलं. "नही वो माय. तुम्ही लिखेल तेवढंच."

दोघांनीही माझ्याकडं पाहिलं. एकाच वेळी, आणि अगदी एकाच तऱ्हेनं. अक्का, बोलू नकोस.

मी बोलले नाही. नारळपाणी स्टुलावर ठेवलं आणि बाहेर व्हरांड्यात आले. मला भीती वाटत होती, ती कशाची तेही सांगते. आबांच्या जिवाची वाटत होतीच. पण पहिल्यांदा मनात आलं ते हे, की उद्या एरंडोलभर होईल, सिंधूअक्काच्या पाटीनं माणूस घालवला. पस्तीस वर्षांचं नाव. समोरच्या कमानवाल्याला आयतंच मिळेल. हे मनात आलं याची मला आजही लाज वाटते.

डॉक्टरीणबाई माझ्या मागोमाग बाहेर आल्या. त्यांना मी घरचीच कुणी वाटले असणार. म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा. दर वेळी आपण वेळेवर पोचतोय म्हणून ते जागे होतायत. एखाद्या वेळी नाही पोचलो तर?"

मी त्यांचा हात धरून त्यांना परत आत नेलं. मला वाटलं, बाहेर एकटीला सांगितलं तर ती चुगली होईल. जे सांगायचं ते दोघांच्या समोर.

"आबा सदाफुलीची पानं खातात," मी म्हटलं. "आधी पाच, आता दहा-बारा. माझ्याकडूनच नेतात. आणि या त्याच सदाफुलीचा रस भाकरीत घालतात. त्याही माझ्याकडूनच नेतात. दोघांनी मला एकमेकांना सांगू नको म्हणून सांगितलं होतं. 'शुगर' म्हणून पाटी मीच लावली. या डब्यातही असेल बघा."

मग आबांनी सुपडाबाईकडं मान वळवली.

"तू बी?"

"तुम्ही बी?" सुपडाबाई म्हणाली.

आबांनी डब्याकडं पाहिलं. "म्हनीसन भाकर कडू लागे."

"कडू लागे तं बोलनात काबरं नही?"

"माले वाटनं, तुन्ही जीभ गयी." त्यांचा आवाज बसलेला होता. "वय व्हयनं, चव समजत नही आते तुले. सांगं तं तुले वाईट वाटी. म्हनीसन खात ऱ्हायनू."

चार-पाच महिने तो माणूस कडू भाकरी गुमान खात होता, बायकोला म्हातारपण आल्याचं तिला कळू नये म्हणून. सुपडाबाई तोंडावर पदर घेऊन खाली फरशीवर बसली. मी तिला उठवायला गेले तर तिनं माझा हात झटकला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं. त्यांनी डबा उचलून बाजूला ठेवला आणि आम्हा तिघांना समजावून सांगितलं. सदाफुली खोटी नाही. तिच्यात साखर उतरवण्याचा गुण आहे, म्हणूनच ती गोळीच्या जोडीला घातक. घाम फुटणं, हात कापणं, भलतं बोलणं हे सहसा साखर वाढल्याचं नव्हे, उतरल्याचं लक्षण. शुद्धीवर असेल तर लगेच गोड द्या आणि दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. आणि याच झाडातून कॅन्सरची औषधं काढतात, ती रक्तातल्या पेशी मारतात. "पांढऱ्या पेशी त्यामुळंच उतरल्या असं मी छातीठोक सांगणार नाही," त्या म्हणाल्या, "पण कारखान्यात शुद्ध करून, मोजून, तपासून देतात ती वस्तू तुम्ही अंदाजे खात होतात." आबांनी डोळे मिटून घेतले. मोजमापाच्या माणसाला याहून मोठा मार नव्हता. इतकी वर्षं ते झाड विकताना त्याच्या अंगात एवढी ताकद आहे हे मला ठाऊक नव्हतं. ऐकताना खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला, आणि मग बाजूला ठेवलेल्या डब्याकडं लक्ष गेलं.

डबा बंद झाला आणि साखर ठिकाणावर यायला लागली. पेशींना वेळ लागला. आठवड्यानं आबांना घरी सोडायचं ठरलं, त्या दिवशी सुपडाबाईनं मला व्हरांड्यात गाठलं. आठ दिवसांत ती माझ्याशी अक्षर बोलली नव्हती.

"अक्का, तुले दोन्हीस्नं माहीत व्हतं."

"हो."

"तुले हासू ये का?"

खोटं बोलता आलं असतं. तिनं ते मानलंही असतं कदाचित. मी म्हटलं, "यायचं. घरी जेवताना आम्ही दोघं हसायचो."

"यास्ले पहूरले लोके हसनात," ती म्हणाली, "त्या परके व्हतात." आणि औषधांची पिशवी घेऊन गाडीकडं चालती झाली.

पाट्या मी दुसऱ्या दिवशी उतरवल्या. मास्तर म्हणाले, अहो, नुसत्या पुसून नावं घालू. पण मला त्या फळ्याच नको झाल्या होत्या. आता सून नर्सरी बघते. औषध म्हणून झाड मागणाऱ्याला ती आधी विचारते, गोळी कोणती चालू आहे, डॉक्टरांना विचारलं का. निम्मी गिऱ्हाइकं चिडून समोर जातात. जाऊ देत. जी राहतात त्यांना आम्ही फुलांचा रंग सांगतो.

पण सुपडाबाई येईना. आबांचा निरोप यायचा, ते बरे आहेत, बागेत फिरतात. तिचा नाही. दुसऱ्या कुणी दोन शब्द सुनावले असते तर मी ते ऐकून घेतले असते आणि विसरलेही असते. तिचं न बोलणं मला सहन होईना. शेवटी दीड महिन्यानं मीच एका सकाळी त्यांच्या दारात गेले.

आबा ओट्यावर बसले होते, ताट पुढ्यात. चुलीवरची भाकरी नुकतीच उतरत होती, कळण्याचीच. मला पाहून आबा काही बोलणार तेवढ्यात आतून ती म्हणाली, "बस." मी बसले. तिनं भाकरी आणली, आबांच्या ताटात न घालता माझ्या हातावर ठेवली आणि समोर उकिडवी बसली.

"आतेपासून जवय येशी तवय पहिला घास तू खाशी," ती म्हणाली. "मंग यास्ले देसू."

जेव्हा येशील तेव्हा, असं ती म्हणाली होती. मी तुकडा मोडला. तो गरम होता, बोटं भाजत होती. दोघंही माझ्या तोंडाकडं पाहत होती. मी सावकाश चावला, गिळला, तरी कुणी नजर हलवेना.

"गोड आहे," मी म्हटलं.

तेव्हा तिनं माझ्या हातातली उरलेली भाकरी घेतली आणि आबांच्या ताटात वाढली.